ओला हात फिरवून बघा



यंदाचा उपवासकाळ आम्ही दोघांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये एका होडीपाशी बसून काढला. हिमायतनगरात होडी कुठून आली, असे नव्या वाचकांना वाटेल. आमच्याकडून लिबर्टी चौक ओलांडला की टँकबंड आणि हुसेनसागर. तिथे आमचा मुलगा शिडाची होडी चालवायला शिकला. त्याच्यासाठी जुनी घेतलेली ही ऑप्टिमिस्ट, फायबरची, निळी, २.३ मीटर लांब, जेमतेम ३५ किलोची. ही होडी पंधराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी असते. पुढे तो परदेशी गेला, तिकडेच राहिला. आता चर्चला जात नाही. फोनही आम्ही केला तरच. होडी अकरा वर्षे भिंतीला टेकून उन्हात.

गायनमंडळातल्या एका ताईंच्या मुलीला ती हवी होती. मुलाला विचारले, तर म्हणाला, "भंगारात घाला." आम्ही घातली नाही.

राखेच्या बुधवारी मिस्साहून आलो आणि होडीवर हात फिरवला. तळहात फिकट भुकटीने माखला. फायबरच्या होडीवर जेलकोट नावाचा रंगीत रेझिनचा थर असतो, अर्धा मिलिमीटर किंवा थोडा जास्त. साचात तो सर्वांत आधी मारतात आणि त्याच्यावर काचेचे कापड बसवतात. म्हणजे रंग नंतर लावलेला नसतो; तो होडीचाच अंग असतो. उन्हाने त्याचा वरचा भाग मरतो, खडूसारखा होतो. शेजारचे पेंटर म्हणाले, "अंकल, एका दिवसात स्प्रे मारून देतो." मोह झाला. पण ओला हात फिरवला की निळा रंग उजळायचा आणि पाणी वाळले की पुन्हा फिकट. याचा अर्थ, खाली रंग जिवंत होता.

राणीगंजहून वॉटर पेपर आणले: ६००, ८००, १०००, १५००, २०००. आधी साबणाने धुवायचे, जुने मेण पुसून काढायचे, मग एका हाताएवढ्या जागेवर करून बघायचे. कागद कोरडा पडू द्यायचा नाही आणि जोर लावायचा नाही. कडांवर थर पातळ असतो, तिथे तर मुळीच नाही. (जोर कोणी लावला ते सांगत नाही. एका कडेला खालची हिरवट काच दिसली, एवढे पुरे.) मग रबिंग कंपाउंड, शेवटी मेण. रोज सकाळी तासभर, मिस्साहून आल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात पुढच्या बोथट नाकाखाली निळ्यात एक वेगळाच निळा उघडा पडला. गाडीला भरतात तसली लांबी होती, वरून हाताने लावलेला रंग. तळहाताएवढी जागा. उकरली तर आत फूट. होडी आमच्याकडे आली तेव्हा ते तिथे नव्हते, याची आम्हाला खात्री आहे. पावती करताना आम्ही इंच इंच तपासली होती. तेव्हा आम्ही तसेच होतो. होडीला ओरखडा पडला की त्या रात्री आमच्या घरी जेवताना कोणी बोलत नसे.

त्या रविवारी फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दगडावर आपटली होती. बारा वर्षांचा होतो. खाऊच्या पैशांतून लांबी आणली."

"सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा सांगायची सोय नव्हती, आई."

आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात वीस वर्षे मुलांना पापनिवेदन शिकवतो. देव रागावत नाही, न घाबरता सांगा, असे सांगतो.

१९८६ मध्ये दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी आटले, तेव्हा गिनोसरच्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एक होडी सापडली. प्रभूच्या काळातली, आठ मीटरहून थोडी लांब. तिच्यात दहाहून अधिक प्रकारची लाकडे निघाली. जुन्या होड्यांचे तुकडे, हाताला येईल ते जोडून ती वर्षानुवर्षे चालवलेली. पेत्राची होडी काही वेगळी असेल असे आम्हाला वाटत नाही. ती मागून घेऊन प्रभू तिच्यात बसला आणि लोकांना शिकवू लागला. ठिगळे किती आहेत हे त्याने आधी विचारल्याची नोंद नाही.

फोनवर आम्ही त्याची माफी मागितली. नीट जमली नाही. मध्येच हवापाण्याचे काहीतरी बोललो.

लांबी पूर्ण काढली, फूट काचेच्या कापडाने भरली, वर जेलकोट. हार्डनर शेकडा दोनच्या आत. हवा लागली तर जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद दाबून ठेवला. निळा जुळवायचा तीनदा प्रयत्न केला, जुळला नाही. बाकी होडीत आता पार्किंगचा दिवा दिसतो, तेवढी जागा मात्र वेगळी कळते.

पुनरुत्थान सणाच्या दुपारी त्याला फोटो पाठवला. रात्री उशिरा उत्तर आले: "शेवटचा कागद दोन हजारचा ना? नाकाला अजून एक हात मेण द्या. आणि त्या मुलीला सांगा, बंधाऱ्याकडून वारा अचानक फिरतो."

जूनमध्ये वारा सुरू झाला की होडी पाण्यात जाईल.