संध्याकाळची गाडी

आमच्या भूमितीच्या पुस्तकावर पिठाची बोटं उमटलेली होती. पुस्तक आधी दादाचं, मग माझं झालं. बोटं मात्र सगळी माझीच. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून ठेवायचं, भाकरी तव्यावर टाकली की प्रमेयाची पुढची पायरी बघून घ्यायची आणि पान उलटायला तोच पिठाळ हात लावायचा. शाळा सुटल्यावर आधी हापशावर नंबर लावायचा, चार खेपा पाणी आणायचं, मग धाकट्याला सांभाळत चूल पेटवायची. दिवेलागण झाली की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवणं उरकून भांडी घासली की माझ्या हाताशी पुस्तकाशिवाय काहीच उरायचं नाही. म्हणून मी वाचत बसायचे.

दादा त्या वेळी पारावर असायचा. नऊला येवो की दहाला, त्याला कोणी विचारत नसे. "पोरगा हाय, येईल," एवढंच आई म्हणायची. १९९५च्या मार्चमध्ये तो बीजगणितात गेला आणि ऑक्टोबरला सुटला. १९९६मध्ये मला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. त्यामुळे अकरावीला आम्ही दोघं एकाच वर्षी आलो.

अण्णांनी म्हैस विकून दादाला लातूरला खोली करून दिली. 'लातूर पॅटर्न'चा तेव्हा फार बोलबाला होता. मला सायन्स घ्यायचं होतं, पण सायन्स तालुक्याला, गावात फक्त आर्ट्स. अण्णांनी माझे मार्क दोनदा वाचले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला गावातच बरं." त्या हातात माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे भांडायचं कोणाशी, हेच कळेना.

दादा दोन वर्षांनी परत आला. तो आळशी नव्हता. एका जागी तासभर बसायची सवय त्याला घरात कोणी लावलीच नव्हती. माझा डी.एड.चा फॉर्म त्यानेच जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभं राहून भरला. आजही शेतातून आला की माझ्या शाळेची चौकशी करतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागून मला वीसहून जास्त वर्षं झाली. दरवर्षी निकाल लागला की 'यंदाही मुलींचीच बाजी' अशी बातमी छापून येते. २०२४ला राज्यात दहावीच्या मुली ९७.२१ टक्के पास झाल्या आणि मुलं ९४.५६. मुली मुळात हुशार असतात, असं माझे सहकारी कौतुकाने म्हणतात. मला ते पटत नाही. मी माझ्यापुरतं सांगते: मला घरात डांबलं म्हणून मी वाचत बसले, दादाला मोकळं सोडलं म्हणून तो भरकटला. आणि ज्या उंबऱ्याने मला अठ्ठ्याहत्तर टक्के दिले, त्यानेच माझं सायन्स अडवलं.

२०२४लाच माझ्या वर्गातली एक मुलगी दहावीला नव्वदच्या पुढे गेली. तिला सायन्स हवं होतं. मी तिच्या घरी गेले. वडील ऊसतोडीला जाणारे, मुकादमाची उचल डोक्यावर असलेले. पैशाचं विचारतील म्हणून मी तयारीने गेले होते: मुलींना बारावीपर्यंत फी नाही, मानव विकासच्या निळ्या बसला तिकीट नाही. त्यांनी पैशाचं काढलंच नाही.

"मॅडम, पोरगी हुशार हाये, मान्य. पण सांजची गाडी चुकली तर?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अण्णांच्या मनातही हेच असणार, त्यांनी बोलून दाखवलं नाही इतकंच. मी म्हटलं, सुरुवातीचे आठ दिवस मी तिच्याबरोबर येते.

रोज शाळा सुटली की मी तालुक्याचं ठिकाण गाठायचे आणि परतीच्या गाडीने तिच्यासोबत यायचे. गाडीत आणखी सात-आठ मुली होत्या. दोघींना ती आधीपासून ओळखत होती. पाचव्या दिवशी वडील फाट्यावर येऊन थांबले होते. त्यांनी कंडक्टरचा नंबर मागून मोबाईलमध्ये घेतला आणि मला म्हणाले, "उद्यापासून तुमी येऊ नका, मॅडम. मी हाये."

घरी पोचलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं. नववीतला भाऊ पारावरून हाक मारून आणलेला दिसत होता. तोंड पाडून हंडा भरत होता. आईने चुलीपुढूनच मुलीला सांगितलं, "हातपाय धू अन् वही काढ. पाणी तो भरंल."