झाकण नसलेला डबा

मराठीत कामाच्या वेळच्या अन्नासाठी जे शब्द आहेत, त्या बहुतेकांत एक अंतर गृहीत धरलेले आहे. शिदोरी बांधायची ती वाटेसाठी. न्याहारी शेतात न्यायची ती पहाटेपासून औताला लागलेल्या माणसासाठी. डबा भरायचा तो शाळेसाठी, कचेरीसाठी, गिरणीसाठी. अन्न घरात शिजते आणि काम घराबाहेर असते, या मांडणीवर हे शब्द उभे आहेत. मग कामच घरात आले, तर त्या वेळी खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाला काय म्हणावे? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, तिवसा येथे राहणारे. पण आम्हांला असा शब्द सापडला नाही. ज्या जेवणाला नाव नसते त्याला ठरलेली वेळही नसते, हे मात्र अनुभवाने कळले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालय घरात शिरले. पुढे वर्ग भरू लागले, तरी काही काम घरातच मुक्कामाला राहिले. अहवाल, प्रश्नपत्रिका, मूल्यांकनाच्या फायली, रात्री साडेआठला अचानक ठरणाऱ्या ऑनलाइन सभा. संगणक स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर. सभा लांबली की चहा, चहाबरोबर टोस्ट, टोस्ट संपला की शेवेचा डबा. जेवण असे कधी होतच नाही, आणि खाणे कधी थांबत नाही. आमच्या आई अस्सल वऱ्हाडी. त्या म्हणाल्या, "घरी रायलं का भूक चुलीपाशीच बसते, बाप्पा." वर्षभराने आमच्यापैकी एकीच्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२ टक्के निघाली. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात. चाळिशीत हा उंबरठा दिसला की माणूस ताटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

तसे पाहताना प्रथम आठवला तो डबाच. डब्याला आकार असतो, म्हणून त्यात मावेल तेवढेच खाल्ले जाते. डब्याला घंटा असते; तास संपल्यावाचून तो उघडत नाही. आणि डब्याला सोबत असते. अध्यापक कक्षातल्या टेबलावर एकाची अंबाडीची भाजी, दुसऱ्याचे चून, तिसऱ्याचा ठेचा असे फिरत राहते आणि कोणीही एकच पदार्थ पोटभर खात नाही. माप, वेळ आणि सोबत या तीन गोष्टी कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून तो डबा सांभाळत होता. घरातल्या कामाने नेमके हेच डब्याचे झाकण काढून घेतले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे 'लीळाचरित्र' आठवावे. आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या त्या ग्रंथात स्वामींचा दिवस पूजावसर, आरोगणा, पहुड, विहरण अशा शब्दांनी बांधलेला दिसतो. वर्गात आम्ही हे शब्द पारिभाषिक म्हणून शिकवीत आलो. आता वाटते, ती दिवसाची विरामचिन्हे आहेत. आरोगणा म्हणजे जेवण. पण ते दोन कृतींच्या मध्ये स्वतःची जागा असलेले जेवण. तिवसा तालुक्यातच मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. तेथेही पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना यांनी दिवसाला दोन काठ दिले आहेत. 'ग्रामगीते'त 'ग्राम-आरोग्य' असा स्वतंत्र अध्याय आहे, ही गोष्टही मराठीच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. आरोग्य हा विषय येथे वैद्याचा एकट्याचा कधीच नव्हता.

आता ताटात काय असावे, याविषयी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू दाखवले आहेत, तर मैद्यात तीन ग्रॅमही नाहीत. म्हणजे चहात बुडणारा टोस्ट आणि तव्यावर फुगणारी भाकर यांतले अंतर केवळ चवीचे नाही. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत ज्वारी हे मुख्य धान्य होते. गेल्या काही दशकांत तिची बरीच जागा सोयाबीनने घेतली आणि घराघरांत गव्हाची पोळी रोजची झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा. शेव, पापड आणि लोणचे कामाच्या टेबलावर आले की तो चमचा दुपारीच भरतो. आमच्या भागातल्या ज्वारीच्या कण्या, ताक, हिवाळ्यातला हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, मोर्शी-वरुडची संत्री यांना कोणत्याही परदेशी आहारयोजनेची शिफारस लागत नाही.

पण ही यादी लिहिणे सोपे आहे. भाकर थापणे सोपे नाही. भाकरीला थापणारा हात लागतो, आणि तो बहुधा एकाच बाजूचा असतो. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनमोल कामाला बायका दिवसाला २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे आढळले. तेही असे काम करणाऱ्यांचीच गणना करून. ऑनलाइन तासाला एक विद्यार्थिनी नेहमी कॅमेरा बंद ठेवी. एकदा तिचा ध्वनी चुकून सुरू राहिला आणि वर्गभर थप थप असा आवाज ऐकू आला. ती भाकरी थापत थापत केशवसुतांवरचे व्याख्यान ऐकत होती. कोणी हसले नाही. बहुतेकींना तो आवाज ओळखीचा होता. इकडे आमच्या घरी शिकवता शिकवता कुकरच्या शिट्ट्या मोजणारे कोण होते, हे वेगळे सांगायला नको. घरून काम ही बायकांसाठी नवी गोष्ट नव्हतीच. नवे एवढेच की त्या कामावर आणखी एक काम येऊन बसले.

म्हणून आम्ही एक साधी व्यवस्था लावली. घरी काम असेल त्या दिवशीही सकाळी दोन डबे भरायचे: भाकर, भाजी, वरण, कांदा-काकडी. भरणाऱ्याची पाळी एक दिवसाआड बदलते. झाकण लागले की एक वाजेपर्यंत ते उघडायचे नाही, आणि उघडायचे ते संगणकापासून दूर, ओसरीवर, दोघांनी मिळून. पुरुषाच्या हातच्या भाकरी सुरुवातीला नकाशासारख्या झाल्या. आता गोल होतात. पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा ५.८ आला. तो उंबरठ्याच्या अलीकडे गेलेला नाही; पण मागे सरकला आहे.

आरोग्यदायी आहाराची पत्रके हल्ली भिंतीभिंतीवर दिसतात. किती प्रथिने, किती तंतू, किती मीठ, सगळे रकाने त्यांत असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा, असे आम्हांला वाटते: हे ताट रांधले कोणी, आणि रांधणारीला स्वतः जेवायला किती वाजले?