वहीतली नोंद आणि बंद पडणारा कॉम्प्युटर



आज पाठ, स्वाध्याय, कृतिपत्रिका यांपैकी काहीच नाही. आज आमच्या घरातल्या कॉम्प्युटरबद्दल लिहिते. वर्गात मी जे रोज सांगते, तेच घरी विसरले होते. त्याची ही गोष्ट.

आम्ही अंबाजोगाईला राहतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी एक जुना असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. यू-डायस प्लसची माहिती भरायची, प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, एवढंच माझं काम. पण चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागायची. चहा ठेवून यावं तरी स्क्रीनवर आपलं गोल फिरतंच असायचं. मुलगा सातवीत. त्याला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. त्याचं एकच पालुपद, "आई, ग्राफिक्स कार्ड पाहिजे."

मागच्या दिवाळीआधी आमचा करार झाला. त्याने दहा पुस्तकं वाचायची, रोज एकच तास खेळायचं आणि सुटे भाग निवडताना माझ्यासोबत बसायचं. पोराने सुट्टी लागायच्या आत दहा पुस्तकं वाचली. मग मला माघार घेता येईना.

सगळ्यात आधी २४० जीबीची एसएसडी बसवली. हार्डडिस्कमध्ये चकती फिरते आणि त्यावरून माहिती शोधावी लागते. एसएसडीत फिरणारं काही नसतं. त्यामुळे कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला लागला. माझं काम तर तिथेच भागलं होतं!

रॅम वाढवताना मात्र मी चुकले. घाईत डीडीआर४ मागवली, आमचा बोर्ड डीडीआर३ चा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. बसेना म्हणून मी जोर लावणार, तेवढ्यात पोरगा ओरडला, "आई थांब, खाच बघ!" ती परत करून बरोबर रॅम आणली.

मग लातूरहून ओळखीतून जुनं पण चालू असलेलं जीटीएक्स १६५० कार्ड घेतलं. हे कार्ड ७५ वॅटचं. आमच्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही, बोर्डावरूनच वीज घेतं. बसवलं तर स्क्रीन काळी. माझ्या पोटात गोळा आला. पण मॉनिटरची केबल जुन्याच जागी, बोर्डाला लावलेली होती. ती कार्डाला लावली आणि चित्र आलं. घरात दिवाळीच झाली म्हणा ना.

पण गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की खट्! कॉम्प्युटर बंद पडून आपोआप परत सुरू. एकदा, दोनदा, रोजच. शेजारचे म्हणाले, व्होल्टेज कमी-जास्त होतंय. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, कार्ड गेलंय, नवीन घ्या. आम्ही धूळ साफ केली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत बसवले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर ‘कर्नल-पॉवर ४१’. म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद न होता एकदम बंद पडला. पण का पडला, ते त्यात येत नाही.

आणि मग मी तेच केलं जे आपण मोठी माणसं करतो. लेकरावर चिडले. "गेम खेळून खेळून जाळलास बघ! पैसे काय झाडाला लागतात का?" कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला. तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, चूक कळली असेल.

चार दिवसांनी त्याची गणिताची वही तपासताना शेवटची पानं उघडली. तिथं पट्टीने आखलेला तक्ता होता. तारीख, वेळ, काय चालू होतं, किती मिनिटांनी बंद पडला, टीव्ही आणि पंखा चालू होता का. एकूण अकरा नोंदी. दोन तासांचा सिनेमा लावला, बंद नाही. आईचं टायपिंग, बंद नाही. गेम नुसता उघडून ठेवला, बंद नाही. शर्यत सुरू केली की प्रत्येक वेळी बंद. पहाटे सहाला खेळला तेव्हाही बंद. आणि शेवटच्या रकान्यात दरवेळी एकच, ‘टीव्ही चालू, पंखा चालू’.

मी वर्गात रोज म्हणते, "निरीक्षण करा, नोंद करा, मग अनुमान काढा." माझ्याच घरात कुणीतरी ते करत होतं आणि मी त्याचा कीबोर्ड काढून घेतला होता.

रात्री त्याला जवळ बसवलं. "यावरून तुला काय वाटतं?"

"व्होल्टेजचं नाही ते. टीव्ही कधीच बंद पडला नाही. जास्त काम पडलं की बंद पडतो."

"जास्त काम म्हणजे त्याला काय जास्त लागतं?"

थोडा विचार करून म्हणाला, "वीज."

आम्ही कॅबिनेट उघडलं आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं लेबल टॉर्च लावून वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. पण खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ × १४ = १६८. प्रोसेसर आणि कार्ड यांची मुख्य भूक या १२ व्होल्टवरच भागते. प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ७५ वॅटचं. बेरीज १५९. बोर्ड, पंखे, हार्डडिस्क यांना उरले फक्त ९ वॅट!

तरी लगेच खरेदी केली नाही. एका सहकारी शिक्षकांकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणला. बाकी काहीही न बदलता तासभर गेम चालवला. बंद पडला नाही. मग साडेतीन हजारांचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला, १२ व्होल्टवर ३५ अँपिअर देणारा घेतला. म्हणजे ४२० वॅट. त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. गेलं म्हटलेलं कार्ड तेच आहे.

कीबोर्ड परत देताना मी म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू दे." पण वही त्याने लपवून का ठेवली होती, ते विचारलं तेव्हा म्हणाला, "तू ऐकलं नसतंस."

हे वाक्य मी शाळेत घेऊन गेले. चौथीत एक लेकरू आहे. आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्यासोबत तेही जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. मागच्या वर्षी परत आलं तेव्हापासून ४०२ – १७८ चं उत्तर ते ३७६ लिहायचं. मी चूक खोडायचे आणि आणखी वीस वजाबाक्या द्यायचे. या वेळी मात्र म्हटलं, "मोठ्याने बोलत सोडव." ते म्हणालं, "दोनातून आठ जात नाही, म्हणून आठातून दोन. मोठ्यातून लहानच वजा करायचं असतं ना मॅडम?" हे वाक्य त्याला आम्हीच पहिलीत शिकवलं होतं. हातच्याची वजाबाकी वर्गात झाली तेव्हा ते फडावर होतं. वीस नाही, दोनशे वजाबाक्या दिल्या असत्या तरी उपयोग नव्हता. आता आम्ही दशकाचे गठ्ठे सोडून सुट्या काड्या करतोय.

घरचा कॉम्प्युटर सुधारायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा:

१. आधी एसएसडी. बऱ्याच घरांत तेवढ्यानेच भागतं.
२. रॅम घेण्याआधी बोर्डाला डीडीआर३ लागते की डीडीआर४ ते पाहा.
३. कार्ड घेण्याआधी एसएमपीएसवरचे १२ व्होल्टचे अँपिअर वाचा आणि गुणाकार मुलांना करू द्या.
४. एका वेळी एकच भाग बदला. जमलं तर आधी मागून आणून तपासा.
५. उघडण्याआधी प्लग काढा. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते.
६. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्यासारखा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. जुन्या बोर्डावर फार पैसा घालू नका.

आणि सातवी गोष्ट. काही बिघडलं की आधी लेकराला विचारा, "तुला काय दिसलं?" कदाचित त्याने वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहूनही ठेवलं असेल.