ऑडिटचं पत्र आलं की

ऑडिटचं पत्र शाळेत आलं की स्टाफरूममधला चहा थंड होतो. कपाटाच्या किल्ल्यांची शोधाशोध सुरू होते आणि ज्यांच्याकडे पोषण आहाराचं काम असतं, ते सर एकदम गप्प होतात.

आमच्या उर्दू शाळेत हे काम वर्षानुवर्षं एकाच शिक्षकाच्या गळ्यात असायचं. तांदळाचा हिशोब तसा सोपा. पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. लहान 80 आणि मोठी 40 मुलं जेवली तर 14 किलो. पण गोणीवर 50 किलो छापलेलं असतं आणि आत कधी 48 च भरतात. उतरवून घेताना वजन केलं नाही, तर तेच दोन किलो सहा महिन्यांनी 'तफावत' म्हणून समोर येतात. वसुलीची धास्ती मात्र त्या एकट्या शिक्षकाला.

रमजानमध्ये आणखी वेगळं. हजेरी भरपूर असते, पण रोजा ठेवणारी मुलं जेवत नाहीत. घाईत हजेरीपटावरचा आकडा उचलून जेवणाऱ्यांच्या रकान्यात टाकला की तांदूळ कागदावर संपतो आणि कोठीत उरतो.

एका वर्षी आमचे सर चार रात्री वह्या घरी घेऊन बसले. मुलाची बारावी त्याच वर्षी. भाभी मला फोनवर म्हणाल्या, "आपा, तांदूळ शाळेचा, पण झोप आमच्या घरची गेली." मागच्या तारखा टाकून सगळं जुळवून टाका, असा सल्लाही सरांना मिळाला होता. त्यांनी ऐकलं नाही. मुलांच्या तोंडचा घास ही अमानत आहे, एवढंच ते म्हणाले. मला ते पटलं, पण मग हा भार एकट्याने का वाहायचा?

आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही वीस मिनिटं थांबतो. प्रत्येक वहीला दोन माणसं. लिहिणारा वेगळा, ताडून बघणारा वेगळा. गोणी काट्यावर चढल्याशिवाय पावतीवर सही नाही, आणि वजन कमी भरलं तर पावतीवरच तसं लिहायचं. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर कपाटातून कायमचा गेला. (त्याला सगळ्यात जास्त विरोध कुणाचा झाला, ते इथे सांगत नाही.)

स्वयंपाक करणाऱ्या खालांना आम्ही पूर्वी कधी विचारत नव्हतो. आज किती ताटं वाढली, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक असणार? आता त्यांचा आकडा त्याच दिवशी वहीत जातो, दुसऱ्या दिवशी आठवून नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण आमच्याकडे बैठकीला आलेल्या आया इतिवृत्तावर सही करून घरी जायच्या. आता साठा नोंदवही त्यांच्यापुढे ठेवतो. त्यातल्या एकीचं किराणा दुकान आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काटा शेवटचा कधी तपासून घेतला?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तरी ऑडिटच्या दिवशी छातीत धडधड होतेच. मागच्या खेपेला एका महिन्याचं गॅसचं बिल काही सापडेना. पूर्वी अशा वेळी रात्रभर कपाटं उपसली असती. या वेळी सरांनी 'काय नाही' असा एक कागद केला, त्यात ते बिल लिहिलं, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि फाइलच्या सगळ्यात वर लावला. ऑडिटरने आधी तोच वाचला. एजन्सीकडून दुसरी प्रत आणा म्हणाले आणि आठ दिवस दिले.