कंस सोडवताना

जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांचं मराठी कसं असतं, हे मंडळातल्या आईवडिलांना वेगळं सांगायला नको. "जेवायला चल", "चपला बाहेर काढ", "आजीला नमस्कार सांग" इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. विचार करायची वेळ आली की जर्मन सुरू होतं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत शिकायचं त्याच भाषेत डोकं चालणार.

आमच्या लेकीला आठवीत बहुपदींचा गुणाकार आला. इथला मंत्र 'येडेस मिट येडेम', म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी. विस्तारसूत्रांना तर चक्क क्रमांक आहेत: (अ + ब)² हे पहिलं, (अ − ब)² दुसरं आणि (अ + ब)(अ − ब) तिसरं 'बिनोमिशे फॉर्मेल'! मी मात्र हट्टाने मराठीतून सुरुवात केली.

आधी २३ गुणिले १४ घेतले. तेवीस म्हणजे तीन आणि वीस. जर्मनमध्येही 'द्रायउंडत्स्वांत्सिश', आधी एककच! त्यामुळे बाईसाहेब खुलल्या. (२० + ३)(१० + ४) म्हणजे २०० + ८० + ३० + १२, एकूण ३२२. आता दहाच्या जागी क्ष ठेवला: (२क्ष + ३)(क्ष + ४) = २क्ष² + ८क्ष + ३क्ष + १२, म्हणजे २क्ष² + ११क्ष + १२. क्षची किंमत १० घेतली की २०० + ११० + १२, पुन्हा ३२२. फरक एवढाच की बहुपदीत हातचा नसतो. क्ष किती हे ठाऊक नसताना ११क्ष मधला हातचा पुढे नेणार कसा? 'हातचा' हा शब्द तिला फार आवडला.

मग चिन्हावरून वाद झाला. मी गुणाकाराला फुली मारतो, ती टिंब देते. टिंबाचा पुरस्कर्ता लाइप्निझ. १६९८ मध्ये योहान बेर्नुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं की फुली आवडत नाही, तिचा 'एक्स' या अक्षराशी घोटाळा होतो. अधिक-उणेची चिन्हंसुद्धा छापील पुस्तकात प्रथम आली ती १४८९ साली, लाइपझिगच्या योहानेस विडमानच्या पुस्तकात.

आता आपली बाजू! १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त पहिला अव्यक्त 'यावत्तावत्' आणि पुढचे कालक, नीलक, पीतक असे रंगांचे. दोन वेगळ्या अव्यक्तांचा गुणाकार म्हणजे 'भावित'. रीत खंडगुणनाची: गुणकाचे खंड पाडा, प्रत्येकाने गुणा, बेरीज करा. म्हणजे येडेस मिट येडेमच की! त्यांच्याकडेही टिंब आहे, पण संख्येच्या डोक्यावर, आणि त्याचा अर्थ ऋण. निळा गुणिले पिवळा म्हणजे हिरवा का, असं कन्येने विचारलं. मी म्हटलं, नाही गं, भावित.

माझे वडील साताऱ्याला असतात. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं, आता वय ब्याऐंशी. जर्मनचा गंध नाही, ऐकूही कमी येतं. नातीशी व्हिडिओवर "कसे आहात?", "बरी आहे" एवढं झालं की दोन्हीकडे शांतता. ती शांतता वर्षागणिक लांबत चालली होती आणि माझ्या मनाला लागत होती. त्या रविवारी तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आजोबा, यात हातचा का नाही, सांगू?" मराठी मोडकंतोडकं, मध्येच 'क्लामर' आला. त्यांनी लगेच दुरुस्त केलं: "कंस म्हण, कंस." मग स्वतःच एक उदाहरण घातलं, तीन पदं गुणिले तीन पदं. नऊ गुणाकार! कॉल चाळीस मिनिटं चालला. मी चहा करून आणला तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

आता दर रविवारी एक उदाहरण ठरलेलं. पुढच्या उन्हाळ्यात भारतात गेलो की चाळीसगावजवळच्या पाटण्याला जायचा बेत आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच. आजोबा म्हणतात, गाडी असेल तर मीही येतो.