बेन, तो कुठे बसतो?

बडोद्यात मुलांचे कान तपासताना शिक्षकांचं एक वाक्य फार ऐकू येतं: ‘एने बधुं संभळाय छे, ध्यान नथी आपतो.’ ऐकू सगळं येतं, लक्षच देत नाही. पालक ते खाली मान घालून सांगतात. मी लक्षण म्हणून केसपेपरवर लिहून घेते.

सौम्य श्रवणदोष नेमका असाच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत २० ते ३५ डेसिबलमधली घट सौम्य. असं मूल नावाने हाक मारली की वळतं, कारण स्वर दणकट असतात. स, फ, थ गळतात. श्रुतलेखनात ‘आलास’चं ‘आला’ होतं आणि गुण शुद्धलेखनाचे जातात.

त्यातून आमचं गाव. दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं मूल घरी मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. मागे पडलं की ‘तीन भाषांचा गोंधळ’ म्हणून मोकळे. मला हे मुळीच पटत नाही. इथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तीन भाषा पेलत आली आहेत. खरं एवढंच, की घरच्या भाषेत गळलेलं अक्षर अंदाजाने भरता येतं, नव्या भाषेत अंदाजाला शब्दच नसतात. मग इंग्रजीच्या तासाला ‘ढ’ ठरलेला मुलगा घरी आजीशी तासन्‌तास वाद घालतो.

शिवाय ऐकणं रोज सारखं नसतं. उत्तरायणाला गच्चीवर धरलेली सर्दी ओसरते, पण कानाच्या पडद्यामागचं चिकट पाणी कधी कधी आठवडेच्या आठवडे राहतं. ‘मनात असलं की ऐकतो’ हा शेरा बहुधा इथूनच येतो.

शाळेतल्या शिबिरांवर माझा फारसा भरवसा नाही. व्हरांड्यात गलका असतो, म्हणून यंत्राचा आवाज वाढवतात, आणि नेमकी हीच मुलं पास होतात. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात श्रवणदोष ६० डेसिबलपासून मोजतात, तेव्हा दाखला नाही, सवलतही नाही. उरतात वर्गशिक्षिका, इथल्या ‘बेन’.

त्यांना मी ‘ऐकू येतं का’ असं विचारत नाही. कुठे बसतो? पंखा कुठे? फळ्याकडे तोंड करून बोललात तर काय करतो? एक बेन म्हणाल्या, ‘दाराजवळ बसतो, शेजाऱ्याच्या वहीत बघूनच लिहायला लागतो. आळशी आहे.’ त्याच दुपारी टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो याची तपासणी, केली. दोन्ही आलेख सपाट आले, म्हणजे बहुधा दोन्ही पडद्यांमागे पाणी. चिठ्ठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे लिहिली आणि दुसरी बेनना: तूर्त पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब.