चीत, त्रिफळा आणि भोपळा

रविवार, संध्याकाळ.

खाली पार्किंगमध्ये पोरांचा सामना चालू आहे. यष्ट्या म्हणून प्लास्टिकची खुर्ची. 'वन टप्पा आऊट' धरायचं की नाही, यावर दहा मिनिटं भांडण. सर्वांत धाकटा 'कच्चा लिंबू'. खुर्चीला तीनदा बॉल लागला तरी तो बॅट सोडत नाही.

सकाळी पेपरात 'पायचीत' वाचलं आणि तिथंच अडकलो. चीत हा शब्द आखाड्यातला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. इथं फलंदाज चांगला दोन पायांवर उभा असतो, पण मराठीनं त्याला लाल मातीत लोळवलेलं असतं! धावचीत, यष्टिचीत, सगळे त्याच तालमीतले. त्रिफळाचीत माझा लाडका. आजीच्या डब्यात हिरडा, बेहडा, आवळ्याचं चूर्ण असायचं. रेडिओवर 'त्रिफळा उडाला' ऐकलं की मला तोच तपकिरी भुगा हवेत उडताना दिसायचा.

'षटक' मात्र थोडं घाईचं बारसं. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती. त्याला काय अष्टक म्हणायचं? आणि 'यष्टिरक्षक' अशी हाक मैदानात कुणीच मारत नाही. तिथं कीपरच.

शून्यावर बाद झाला की इंग्रजांना बदकाचं अंडं आठवलं, आपल्याला भोपळा. आपलं सरस. कारण भोपळा फोडताही येतो. पहिली धाव काढली की फुटला.

खाली अंधार पडलाय. कच्च्या लिंबाचा भोपळा अजून फुटलेला नाही.